मदत हवी आहे : महाभियोगात मत बदललं की पक्षाचं लेबल?

ट्रम्प यांच्या पहिल्या महाभियोगाच्या काळातला (सप्टेंबर 2019 ते फेब्रुवारी 2020) पक्षनिहाय कौल तपासतोय. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या जानेवारी 2020 च्या पाहणीत ट्रम्प यांच्या कामाला पसंती रिपब्लिकनांत 94 टक्के, डेमोक्रॅटांत 7, अपक्षांत 42. वरवर पाहता निष्ठा पक्की. पण गॅलपचा प्रश्न ‘आजच्या घडीला’ तुम्ही स्वतःला काय मानता, असा असतो. म्हणजे नाराज रिपब्लिकन स्वतःला अपक्ष म्हणवून गटाबाहेर पडला, तर एकाचंही मत न बदलता उरलेल्यांचा आकडा वर जातो.

करून पाहिलेलं : नेशनस्केप या मतदार-पाहणीच्या साप्ताहिक फायली घेतल्या, वेट (नमुना लोकसंख्येशी जुळवणारे भार) लावले, ‘झुकणारे’ अपक्ष (अपक्ष म्हणवूनही एका पक्षाकडे कल सांगणारे) त्या-त्या पक्षात मिळवले. याने गळती थोडी झाकली जाते, मूळ अडचण तशीच, कारण दर आठवड्याला माणसं नवीन. पक्षाऐवजी 2016 चं मतदान धरलं, तर तेही लोक आठवून सांगतात आणि आठवण सोयीने सरकते.

वॉटरगेटसाठी (निक्सन यांचं 1972-74 चं प्रकरण) एएनइएस या अमेरिकी निवडणूक-अभ्यासाचं 1972-74-76 चं पॅनेल आहे, तिथे तीच माणसं पुन्हा विचारलेली असल्यामुळे हा घोळ नाही. (निक्सन यांच्या महाभियोगावर सभागृहात मतदान झालंच नाही, त्याआधीच राजीनामा, त्यामुळे तुलना सरळ नाहीच.)

फक्त आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा) वापरतो. पैसे भरून मिळणारा डेटा नको. वय, वंश, शिक्षण, राज्य यांवरून प्रत्येकाचा ‘अपेक्षित पक्ष’ काढून त्यावर गट पाडले तर चालेल, की त्याने फरक बोथट होऊन निष्ठा उगाच कमी दिसेल?