ओदेसैशचा समुद्र: लहान मुले आणि वडीलधाऱ्यांना झेपेल का?

प्रश्न (अबोली, फ्रँकफुर्ट)

नमस्कार. सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही सहा जण पोर्तुगालला जाणार आहोत: आम्ही दोघे, ६ आणि ११ वर्षांची मुले आणि पुण्याहून आलेले सासूबाई व सासरे. लिस्बन पाहून झाल्यावर चार दिवस एखाद्या शांत किनाऱ्यावर काढावेत असा विचार आहे, आणि नकाशे चाळता चाळता दक्षिणेकडच्या अल्गार्व प्रांताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे ओदेसैश मनात भरले. एका बाजूला अटलांटिकच्या लाटा आणि दुसऱ्या बाजूला संथ नदी असल्यामुळे मोठ्या मुलाला सर्फिंगचा धडा घेता येईल आणि धाकटीला नदीत डुंबता येईल, असे वाटते.

सासऱ्यांचे बालपण गुहागरला गेले असल्याने त्यांना समुद्र नवा नाही, पण पोर्तुगालमधल्याच नाझारे गावच्या राक्षसी लाटांच्या चित्रफिती पाहिल्यापासून त्यांनी "लेकरांना त्या पाण्यात उतरवू नका" असा धोशा लावला आहे. त्यांची काळजी मला अनाठायी वाटत नाही. जे प्रत्यक्ष जाऊन आले आहेत त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (खाडीकाठ, लिस्बन)

अबोलीताई, आम्ही ओदेसैशला तीनदा गेलो आहोत आणि चौथ्यांदाही जाऊ, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाझारेच्या लाटा तिथल्या समुद्रतळाशी असलेल्या प्रचंड खोल घळीमुळे उसळतात, आणि त्याही मुख्यतः हिवाळी वादळांच्या काळात. ओदेसैशपुढे तशी घळ नाही, हे सासऱ्यांना निःशंकपणे सांगा. मात्र त्यांची मूळ शंका रास्त आहे, कारण हा किनारा खुल्या अटलांटिकला सामोरा आहे आणि दूरच्या वादळांतून निघालेल्या लाटा इथे ओळीने येतात: दहा मिनिटे सगळे शांत असते आणि मग एकामागून एक चार-पाच मोठ्या लाटा येऊन आपटतात. आपल्याकडे पावसाळा सोडून समुद्र पाहिलेल्या माणसाला त्या मधल्या शांततेचा भरवसा वाटतो, आणि घात तिथेच होतो.

पण मला खरे सांगायचे आहे ते नदीबद्दल. सैश नदी, जी इथे अलेंतेझू आणि अल्गार्व या दोन प्रांतांची सीमा आहे, वाळूच्या दांड्याला उत्तरेकडून वळसा घालून समुद्राला मिळते. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत शिरून तिचा डोह बनतो आणि दिसायला तो तळ्यासारखा असतो. ओहोटी लागली की तेच सगळे पाणी अरुंद मुखातून बाहेर धावते. पहिल्या वर्षी आमच्या मुलाची प्लॅस्टिकची पिवळी बादली पाण्यात पडली. ती सावकाश तरंगत होती म्हणून मी चालतच तिच्यामागे गेलो. मुखाच्या जवळ पाणी जेमतेम मांडीपर्यंत होते, पण टाचांखालची वाळू सरसर निसटू लागली आणि एकेक पाऊल मागे घ्यायला जोर लावावा लागला. बादली मी सोडून दिली. पाचच मिनिटांपूर्वी माझा सहा वर्षांचा मुलगा त्याच पाण्यात बसून खेळत होता, हे आठवले की आजही पोटात गोळा येतो.

तेव्हा धाकटीला नदीत जरूर खेळवा, पण ओहोटी लागल्यावर मुखापासून दूर, वरच्या अंगाला. भरती चढत असताना प्रवाह आत लोटतो, त्यामुळे ती वेळ त्यातल्या त्यात बरी. फक्त पाणी हळूहळू खोल होत जाते, म्हणून कोणीतरी मोठ्याने हाताच्या अंतरावर उभे राहायलाच हवे.

सासऱ्यांना तिथीवरून भरती सांगता येत असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. कोकणात अमावास्या-पौर्णिमेला साधारण बाराच्या सुमारास भरती येते, पण पोर्तुगालच्या या किनाऱ्यावर ती उन्हाळी घड्याळाप्रमाणे दुपारी तीनच्या पुढेमागे असते आणि सकाळी नऊ-दहाला ओहोटी पूर्ण झालेली असते. अष्टमीच्या आसपास हे जवळपास उलटे होते. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक तीन मीटरहून अधिक भरतो. रोजचे कोष्टक पाहूनच दिवस आखा.

उत्तर २ (रानजाई, पोर्तू)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. झेंड्यांविषयी थोडी भर घालते, कारण पिवळ्या झेंड्याचा अर्थ आपले लोक "जपून पोहा" असा लावतात. पोर्तुगालमध्ये पिवळा झेंडा असताना पोहायला मनाई असते. काठालगत, पाय टेकतील इतक्या पाण्यात उभे राहता येते, एवढेच. लाल असेल तर पाण्यात पाऊलही टाकायचे नाही. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा म्हणजे जीवरक्षक तात्पुरता जागेवर नाही. जीवरक्षकांचा हंगाम उन्हाळ्यापुरता असतो, त्यामुळे सप्टेंबरअखेरीस पोहोचल्यावर मनोऱ्यावर माणूस आहे का, हे रोज स्वतः पाहा. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

कड्याच्या सावलीत सतरंजी पसरण्याचा मोह वडीलधाऱ्यांना हमखास होतो, तो आवरा. २००९ च्या ऑगस्टमध्ये अल्गार्वच्याच दक्षिण किनाऱ्यावर, आल्बुफेराजवळ, कडा कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला होता. किमान कड्याच्या उंचीइतके अंतर सोडा आणि सावलीसाठी छत्री न्या.

ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात रबरी चपला घालाव्यात. वाळूत अंग पुरून बसणारा, पाठीवर विषारी काटे असलेला एक लहान मासा या किनाऱ्यावर आढळतो. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा; त्या विषाचा जोर उष्णतेने ओसरतो.

आणखी एक: ओदेसैशच्या दक्षिणेला लागूनच अदेगास नावाचा किनारा आहे आणि तो अधिकृतपणे विवस्त्र स्नानासाठी राखलेला आहे. सासू-सासऱ्यांना सकाळी फिरायला त्या दिशेने पाठवण्याआधी हे ठाऊक असलेले बरे.

अबोली

दोघांचेही मनापासून आभार. बादलीचा प्रसंग सासऱ्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "खाडीच्या तोंडाशी ओहोटीत उतरायचे नाही, हे आम्हाला लहानपणीच बजावलेले असे." मोठ्याचा सर्फिंगचा धडा सकाळी घ्यावा की दुपारी? आणि सासूबाईंचा उपवास असेल, तर तिथे काय मिळेल?

उत्तर ३ (खाडीकाठ, लिस्बन)

धडा सकाळीच घ्यावा. दुपारी उत्तरेचा वारा सुटतो आणि लाटांचा आकार बिघडतो. त्याच उत्तरी वाऱ्यामुळे किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि खालचे गार पाणी वर येते, म्हणून भर उन्हाळ्यातही पाणी अठरा-एकोणीस अंशांच्या आसपासच राहते. सर्फिंगच्या शाळेकडून मिळणारा वेटसूट (गारठ्यापासून वाचवणारा रबरी पोशाख) अंगाला घट्ट बसतो ना, हे पाहून घ्या. सैल असला तर मूल अर्ध्या तासात कुडकुडते. पहिले धडे फेसाळ पाण्यातच, मऊ बोर्डवर होतात, त्यामुळे आजोबांना ते काठावरून नीट पाहता येतील.

सासूबाईंसाठी रताळी आहेत. ओदेसैशजवळच्या अल्जेझूर परिसरातल्या रताळ्यांना युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. नवा माल शरद ऋतूत येतो, तेव्हा बाजारात विचारून पाहा. पोर्तुगीज लोक रताळ्याला "गोड बटाटा" म्हणतात, आणि आपला बटाटा हा शब्दही त्यांच्याकडूनच आला असल्याने दुकानात "बटाटा" म्हटले तरी निम्मे काम होते. भाड्याच्या घरात ओव्हन असेल तर सालीसकट भाजून द्या, साखर लागत नाही.

तुमच्या तारखा कळवल्यात तर त्या चार दिवसांच्या भरतीच्या वेळा काढून इथे लिहितो.