युद्धानंतरची घरं, रस्त्यावरची मुलं: फोटो कसे दाखवावेत?

मालवी_मावशी:
इंदूरला रामबागेत शनिवारी मराठीचा वर्ग घेते. दहा-बारा मुलं, तिसरी ते सहावीतली. यंदा विषय काढला, ‘लढाई संपल्यावर लोक राहिले कुठे?’ १९४० च्या सप्टेंबरपासून आठेक महिने लंडनवर बॉम्ब पडत होते, घरं गेली, मग सरकारने कारखान्यात भाग तयार करून ब्रिटनभर दीड लाखावर तात्पुरती घरं उभी केली. दहाएक वर्षांपुरती म्हणून, पण काहींत लोक कितीतरी दशकं राहिले. इथवर मुलं गुंगली होती. मग रॉजर मेन यांनी १९५६ ते ६१ मध्ये लंडनच्या साउथम स्ट्रीटवर काढलेले, रस्त्यात खेळणाऱ्या मुलांचे फोटो लावले. झालं! “बिचारे, गरीब होते का?” एकीने तर विचारलं, “यांना आया नव्हत्या?” चोवीस फोटो लागोपाठ दाखवले हे माझंच चुकलं. पण हा बिचारेपणा घालवायचा कसा?

तात्या_स्नेहलतागंज:
चोवीस? अहो मावशी, आमच्या लग्नाचा अल्बम कुणी इतका बघत नाही. एकच घ्या, मोठा छापून. वरचा अर्धा वर्तमानपत्राने झाका. नुसते पाय दिसू द्या. कोण पळतंय, कोण अडून उभंय, ते पोरांना ओळखू दे. मग कागद काढा आणि गाड्या मोजायला लावा. रस्ता मोकळा होता म्हणून पोरं तिथे होती! आम्हीही ओटल्यावरून उतरलो की सितोलिया, म्हणजे लगोरी. फरशीचे सात तुकडे, आणि बॉल नालीत गेला तर ज्याने मारला त्यानेच काढायचा.

नकाशा_आणि_चहा:
तात्यांशी सहमत, पण गरिबी पुसू नका. ती घरं खरंच पडकी आणि दाटीची होती. साउथम स्ट्रीटचा बराच भाग पुढे पाडला आणि तिथे ३१ मजली ट्रेलिक टॉवर आला, १९७२ मध्ये. दोन्ही फोटो शेजारी ठेवून विचारा, “जेवायला हाक कुठून मारायची?” जमलं तर ॲमस्टरडॅमही घ्या. तिथले वास्तुकार आल्डो व्हॅन आइक यांनी १९४७ पासून गल्लीबोळांतल्या रिकाम्या जागांवर मुलांना खेळायला वाळूचे हौद आणि धातूच्या कमानी बसवल्या, सातशेवर ठिकाणी. आधीचा आणि नंतरचा, असे जोडीचे फोटो मिळतात.

मालवी_मावशी:
काल पायांचा प्रयोग केला. पाऊण तास एका फोटोवर! हाकेच्या प्रश्नावर उत्तर आलं, “मोबाइलवर.” मग एक पोरगा म्हणाला, “पण मोबाइल नव्हताच ना तेव्हा,” आणि सगळे टॉवरचे मजले मोजत बसले.

घरचा अभ्यास म्हणून आपापल्या गल्लीचा फोटो मागितला होता. नऊ आले. सहांत नुसत्या उभ्या स्कूटी. एकात ओटला आहे, त्यावर पाण्याची काळी टाकी, आणि खाली लिहिलंय, ‘इथे आजोबा बसायचे.’ टाकी हलवता येईल का, यावर वर्गात भांडण पेटलंय.

तात्या, फरशीचे तुकडे आहेत का हो तुमच्याकडे? सात हवेत.