मदत हवी आहे: शरीररचनेतील दिशा, प्रतले आणि भागांची नावे पक्की कशी करावीत?

नमस्कार.

हिशेबाच्या कामात बरीच वर्षे काढल्यानंतर मी फिजिओथेरपी सहायकाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. दहावीनंतर जीवशास्त्राशी माझा संबंध आला नव्हता, त्यामुळे शरीररचनाशास्त्राचा पहिलाच धडा मला जड जात आहे. शब्द पाठ होत नाहीत असे नाही. पाठ झालेले शब्द प्रत्यक्ष शरीरावर लावायला गेले की गडबड होते, ही माझी खरी अडचण आहे.

मागच्या आठवड्यातल्या चाचणीत हाताचा अंगठा करंगळीच्या कोणत्या बाजूस असतो, असा प्रश्न होता. मी बाकावर टेकलेल्या माझ्याच हाताकडे पाहिले, पंजा पालथा होता, अंगठा शरीराच्या मध्याकडे आलेला दिसत होता, म्हणून बिनदिक्कत ‘मेडियल’ असे लिहिले आणि गुण गेले. त्याच उत्तरपत्रिकेत, चित्रातल्या उताण्या झोपलेल्या रुग्णाचे नाक त्याच्या कानांच्या ‘सुपीरियर’ आहे, असेही मी लिहून ठेवले होते, कारण चित्रात नाक खरोखरच वर होते. अँटीरियर म्हणजे पुढचा, पोस्टीरियर म्हणजे मागचा, मेडियल म्हणजे मध्यरेषेच्या जवळचा, लॅटरल म्हणजे मध्यरेषेपासून लांबचा, हे अर्थ मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात, तरीही हे असे होते.

दुसरी अडचण प्रतलांची आहे. सॅजिटल प्रतल शरीराचे डावा आणि उजवा असे भाग करते, हे मला समजते. मग कोपर दुमडणे किंवा चालताना पाय पुढे टाकणे या हालचालींना ‘सॅजिटल प्रतलातील हालचाल’ का म्हणतात? जे प्रतल डावे-उजवे वेगळे करते, त्यातली हालचाल डावी-उजवीकडे व्हायला नको का? वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा ‘तसेच लक्षात ठेवा’ असे उत्तर मिळाले.

तिसरी अडचण भागांच्या नावांची आहे. ब्रेकियल, क्रूरल, सूरल, पॉप्लिटियल अशा नावांना माझ्या डोक्यात कुठेच खुंटी सापडत नाही. पोटाचे नऊ भाग तर रोज नव्याने पाठ करते आणि रोज विसरते. शिवाय पावलाच्या वरच्या बाजूला ‘डॉर्सम’ म्हणतात. डॉर्सल म्हणजे पाठीकडचे, मग पावलाची पाठ वर कशी? यापूर्वी ज्यांनी हा धडा पार केला आहे, त्यांनी मार्ग सुचवावा, ही विनंती.

प्रतिसाद १

आपल्या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: आपण दिसते तसे लिहिले. या शास्त्रात दिसण्याला किंमत नाही. प्रत्येक दिशावाचक शब्द एकाच ठरलेल्या स्थितीवरून बोलतो. माणूस ताठ उभा, नजर समोर, पावलांची बोटे पुढे, हात बाजूला सोडलेले आणि तळहात पुढे वळवलेले. समोरचा रुग्ण उताणा, पालथा किंवा कुशीवर कसाही असो, त्याला आधी मनातल्या मनात या स्थितीत उभे करायचे आणि मगच शब्द उच्चारायचा. उताण्या माणसाला उभे केले की त्याचे नाक कानांच्या पुढे येते, म्हणून ते अँटीरियर. छताकडे असल्याने ते सुपीरियर होत नाही. सुपीरियर म्हणजे डोक्याकडचे, आकाशाकडचे नव्हे. डावे-उजवेही नेहमी रुग्णाचे धरायचे, बघणाऱ्याचे नाही.

तळहात पुढेच का, हे मात्र हाताने चाचपून पाहा, म्हणजे अंगठ्याचे गुण पुन्हा जाणार नाहीत. कोपर टेबलावर टेकवून पंजा उताणा ठेवा. दुसऱ्या हाताचे बोट कोपराच्या टोकापासून करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत फिरवा. कातडीखाली सलग लागते ते हाड म्हणजे अल्ना. बोट तिथेच ठेवून पंजा पालथा करा. अल्ना जवळपास जागच्या जागी राहते, आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस तिच्यावरून तिरके जाऊन अंगठ्याला आत घेऊन येते. पंजा उताणा असताना ही दोन्ही हाडे समांतर असतात, पालथा केला की एकमेकांवरून जातात. समांतर स्थिती प्रमाण मानली आहे, त्यामुळे अंगठा लॅटरल आणि करंगळी मेडियल. तरीही घोटाळा होईल असे वाटले तर ‘रेडियल बाजू’ आणि ‘अल्नर बाजू’ असे लिहावे; हात कसाही वळला तरी हे शब्द खोटे पडत नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. हे शब्द सापेक्ष आहेत, त्यामुळे ‘कोपर डिस्टल आहे’ हे वाक्य अपुरे राहते. कोपर खांद्याच्या तुलनेत डिस्टल, म्हणजे धडापासून लांब, आहे आणि मनगटाच्या तुलनेत प्रॉक्सिमल, म्हणजे धडाच्या जवळ. ही जोडी हातापायांसाठी वापरतात आणि अवयव धडाला जिथे जोडलेला असतो तिथून अंतर मोजतात. उत्तर लिहिताना ‘कशाच्या तुलनेत’ हे दरवेळी लिहिण्याची सवय लावली की निम्म्या चुका आपोआप उघड्या पडतात.

प्रतिसाद २

प्रतलांविषयीचा आपला प्रश्न रास्त आहे, आणि ‘तसेच लक्षात ठेवा’ हे त्याचे उत्तर नव्हे. इथे ‘विभागणे’ आणि ‘हालचाल’ या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. भिंत दोन खोल्यांना वेगळे करते, पण भिंतीवर चालणारी मुंगी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात नाही. ती भिंतीच्या पृष्ठावरच वर-खाली, पुढे-मागे फिरते. प्रतलातील हालचाल म्हणजे त्या मुंगीची हालचाल.

आता स्वतः एका अरुंद बोळात उभ्या आहात अशी कल्पना करा. डावीकडे एक भिंत आणि उजवीकडे एक, दोन्ही खांद्यांना जवळजवळ टेकलेल्या. अशा बोळात आपण चालू शकता, वाकू शकता, कोपर आणि गुडघा दुमडू शकता, मानेने होकार देऊ शकता. यातली कोणतीही हालचाल भिंतीला धडकत नाही, कारण ती भिंतीला समांतर आहे. त्या भिंती म्हणजे सॅजिटल प्रतले. पुढे, पाठ भिंतीला टेकवून उभ्या राहा आणि दोन्ही हात भिंतीला घासत बाजूने वर न्या. ही कोरोनल, म्हणजे शरीराचे पुढचा आणि मागचा असे भाग करणाऱ्या, प्रतलातील हालचाल झाली. शेवटी कमरेइतक्या उंच टेबलाजवळ उभे राहून, हाताचा पंजा टेबलाच्या पृष्ठभागावरून न उचलता धड डावीकडे-उजवीकडे वळवा. ही ट्रान्सव्हर्स, म्हणजे वरचा आणि खालचा असे भाग करणाऱ्या आडव्या, प्रतलातील हालचाल. मानेने नकार देणेही यातच येते. प्रत्यक्षात बहुतेक हालचाली मिश्र असतात, म्हणून परीक्षेत ‘मुख्यतः’ हा शब्द लिहायला कचरू नये.

नावांचे मूळ कळले तर ती चिकटून राहतात. लॅटिनमध्ये ‘सॅजिटा’ म्हणजे बाण आणि ‘कोरोना’ म्हणजे मुकुट. कवटीवर या नावांच्या दोन शिवणी असतात. कोरोनल शिवण डोक्यावरून आडवी जाते आणि सॅजिटल शिवण तिच्या मध्यापासून सरळ मागे जाते. तान्ह्या बाळाची मऊ टाळू आपण पाहिली असेल. त्या दोन शिवणी जिथे मिळतात तिथेच ती असते. एका टाळूवर दोन प्रतलांच्या दिशा सापडतात, यापेक्षा सोपी खूण मला तरी माहीत नाही. बरोबर मधोमध जाणाऱ्या सॅजिटल प्रतलाला मिडियन म्हणतात आणि ते एकच असते. त्याला समांतर, बाजूने जाणारी पॅरासॅजिटल प्रतले हवी तितकी कल्पिता येतात.

प्रतिसाद ३

ताई, भागांच्या नावांसाठी खुंट्या नाहीत असे आपण म्हणता, पण त्या आपल्या मराठीत आधीच ठोकलेल्या आहेत. अडचण आहे ती ‘हात’ आणि ‘पाय’ या दोन ऐसपैस शब्दांची. बोलताना आपण खांद्यापासून बोटांपर्यंत सगळ्यालाच हात म्हणतो. शरीररचनेत ब्रेकियल म्हणजे फक्त खांदा ते कोपर, आणि त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: दंड. त्याचप्रमाणे फेमोरल म्हणजे मांडी, क्रूरल म्हणजे गुडघा ते घोटा एवढाच भाग, त्याचा पुढचा भाग नडगी आणि मागचा, सूरल, म्हणजे पोटरी. पॉप्लिटियल म्हणजे गुडघ्यामागची लवण. अ‍ॅक्सिलरी म्हणजे काख, इंग्वायनल म्हणजे जांघ, टेम्पोरल म्हणजे कानशील. लॅटिन शब्दाला मराठी अर्थ पाठ करू नका. आपला हात त्या जागेवर ठेवा, मराठी शब्द उच्चारा आणि मग लॅटिन नाव घ्या. ‘मेंटल नर्व्ह’ या नावाने मी स्वतः फसलो होतो आणि तिचा मनाशी काही संबंध असावा असे बरेच दिवस समजत होतो. लॅटिनमध्ये ‘मेंटम’ म्हणजे हनुवटी, एवढेच ते प्रकरण आहे.

पोटाचे नऊ भाग यादी म्हणून पाठ केले तर कधीच राहणार नाहीत. दोन्ही गळपट्टीच्या हाडांच्या मध्यापासून खाली दोन उभ्या रेषा ओढा. एक आडवी रेषा बरगड्यांच्या खालच्या कडेला आणि दुसरी कमरेच्या हाडांच्या उंचवट्यांना जोडणारी. मधला रकाना वरून खाली एपिगॅस्ट्रिक, अम्बिलिकल, हायपोगॅस्ट्रिक; ‘गॅस्टर’ म्हणजे पोट, एकाच्या आधी ‘एपि’, म्हणजे वर, आणि दुसऱ्याच्या आधी ‘हायपो’, म्हणजे खाली, मध्ये बेंबी. बाजूच्या रकान्यांत वर हायपोकॉन्ड्रियाक, कारण ‘कॉन्ड्रोस’ म्हणजे कूर्चा आणि हा भाग बरगड्यांच्या कूर्चेखाली आहे. मध्ये लंबर आणि खाली इलियाक. अपेंडिक्सचे दुखणे बरेचदा बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या इलियाक भागात सरकते, हे एक उदाहरण मनात ठेवले की दोन चौकोन कायमचे जागेवर बसतात. दवाखान्यात मात्र बेंबीतून जाणाऱ्या एका उभ्या आणि एका आडव्या रेषेने केलेले चारच भाग जास्त कानावर पडतील.

आता पावलाची पाठ. गर्भात हातापायांचे अंकुर फुटतात तेव्हा ते बाजूला निघालेले असतात, आणि नंतर हात सुमारे ९० अंश बाहेरच्या दिशेने, तर पाय तितकाच आतल्या दिशेने फिरतो. त्या फिरण्यामुळे पायाची मूळची पाठीकडची बाजू पुढे येते आणि पाऊल काटकोनात असल्याने पावलावर ती वर दिसते. म्हणूनच कोपर मागे टोक काढते आणि गुडघा पुढे. म्हणूनच हाताचा अंगठा लॅटरल आणि पायाचा अंगठा मेडियल. तळपायाकडच्या बाजूला प्लॅन्टर म्हणतात. आपल्या कामात पाऊल वर उचलण्याला डॉर्सिफ्लेक्शन आणि खाली दाबण्याला प्लॅन्टरफ्लेक्शन हे शब्द रोज लागतील, तेव्हा हे आत्ताच पक्के झालेले बरे.

धागाकर्तीकडून

सर्वांची मनापासून आभारी आहे. मुंगीचे उदाहरण वाचल्यावर मी भिंतीला पाठ टेकवून खरोखरच हात घासत वर नेले आणि कोरोनल प्रतलाविषयीची शंका तिथेच संपली. पायाच्या अंगठ्याबद्दल तर मी विचारलेही नव्हते आणि तोच माझ्या पुढच्या सरावप्रश्नात निघाला.

एक शेवटची शंका आहे. आमच्या पुस्तकात पोटाच्या सीटी स्कॅनचे एक आडवे चित्र आहे आणि त्यात यकृत माझ्या डाव्या हाताला दिसते. यकृत उजवीकडे असते असे शिकवले आहे. चित्र उलटे छापले गेले आहे का?

प्रतिसाद ४

चित्र बरोबर छापले आहे. रुग्ण उताणा झोपलेला आहे आणि आपण त्याच्या पायांकडे उभे राहून डोक्याच्या दिशेने पाहत आहोत, असे धरून ही ट्रान्सव्हर्स चित्रे मांडतात. तसे उभे राहिले की त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, त्यामुळे यकृत तिथे दिसते. चित्राच्या वरच्या कडेला पोट आणि खालच्या कडेला मणका आहे का, एवढे पाहा. तसे असेल तर रुग्ण उताणाच धरला आहे. कडेला बहुधा उजवी किंवा डावी बाजू दाखवणारे अक्षरही छापलेले असते, आणि ते रुग्णाची बाजू सांगते.