पोटरीला टेप लावून म्हातारपण मोजणाऱ्यांना

खडूस काका: काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय, "पोटरी मोजा. पुरुषांची 34, बायकांची 33 सेंटीमीटरच्या आत भरली की सार्कोपेनिया, म्हणजे म्हातारपणी स्नायू आणि ताकद झिजणं. लगेच प्रोटीन पावडर सुरू करा." अहो, ती नुसती चाळणी आहे, निदान नव्हे! माझ्या आईची पोटरी 36 भरते, कारण पायांवर सूज आहे. खुर्चीतून उठवायला मात्र दोघं लागतात. अमेरिकी संशोधक रोझेनबर्गने 1989च्या सुमारास सार्कोपेनिया हा शब्द काढला तेव्हा सगळा भर स्नायू किती उरलेत यावर होता. 2018मध्ये युरोपच्या तज्ज्ञ गटानेच ताकदीला पहिला नंबर दिला. टेपवाले अजून मागेच.

हिशेबी: ताकदीवर तरी कुठे एकमत आहे? बाबांच्या मुठीची पकड 27 किलो. युरोपात पुरुष 27च्या खाली नापास, म्हणजे बाबा काठावर पास. आशियाई गटाच्या 2019च्या नियमात 28 हवेत, म्हणून नापास. अमेरिकी गटाचा 2020चा आकडा 35.5, तिथे आमचं अख्खं खानदान नापास. थोडक्यात, मुंबईत विमानात बसवायचं, लंडनला उतरले की बरे.

पाटावरचा: यंत्रं हवीत कशाला? हात न टेकता पाटावरून उठता येतंय का बघा. डायनिंग टेबल घरात आलं आणि मांड्या गेल्या. माझी आजी 82व्या वर्षी उकिडवी बसून भाकऱ्या थापायची.

गुडघेवाली: आणि गुडघे? खुर्चीतून पाच वेळा उठायला मला 19 सेकंद लागतात, आशियाई गटाच्या 2019च्या नियमात 12च्या आत हवेत. स्नायू नाही, गुडघा अडतो! तुमच्या आजीला कुणी विचारलं होतं का, दुखतंय का म्हणून? की भाकऱ्या वेळेवर मिळत होत्या तेवढं पुरे?

पाटावरचा: आजीवर जायचं कारण नाही.

गुडघेवाली: आजीवर नाही, जेवणाऱ्यांवर जातेय.

खडूस काका: धागा पोटरीचा आहे हो!

टेपवाला: ते मीच लिहिलं होतं. आमच्या तालुक्यात डेक्सा स्कॅन (स्नायू किती ते मोजणारा एक्स-रे) सोडा, पकड मोजायचं यंत्रही नाही. टेप शिंप्याकडे मिळतो.

खडूस काका: बरं, चाळणी म्हणून ठेवा टेप. पण आधी पायावर बोट दाबून खळगा पडतो का बघा, म्हणजे सूज कळेल. आणि पावडर मागे घ्या.

टेपवाला: घेतली. डबा मात्र फोडलाय, 1,800 रुपये गेले.

पाटावरचा: आत्ताच आत्याला फोन केला. आजी रोज रात्री गुडघ्यांना तेल चोळून घ्यायची म्हणे. तरी डायनिंग टेबलाबद्दल माझं मत तेच.