वैर आधी, प्रेम मागाहून?

कार्टून मालिकांत आधी वैरी असलेल्या पात्रांच्या प्रेमाच्या जोड्या प्रेक्षकांचा कल बघून मागाहून जुळवतात, असं म्हणतात; ते सरसकट पटत नाही. ‘द आऊल हाऊस’ या अ‍ॅनिमेशन मालिकेतली अ‍ॅमिटी सुरुवातीला नायिका लूझला पाण्यात पाहते. पण २०२० मध्ये, पहिल्याच सीझनच्या ग्रॉमच्या म्हणजे शाळेतल्या नाचाच्या भागात, सोबत येण्याचं आमंत्रण देणाऱ्या तिच्या फाटलेल्या चिठ्ठीवर शेवटी लूझचंच नाव निघतं! इथे मालवणात माझी भाची ते बघून टाळ्या पिटत उठली होती. अ‍ॅनिमेशनचे भाग प्रसारणाच्या कितीतरी आधी लिहून, रेखाटून होतात. प्रतिक्रिया वाचून त्याच सीझनमध्ये असं वळण देणं जवळजवळ अशक्यच. ‘शी-रा’ या अ‍ॅनिमेशन मालिकेतही अडोरा आणि कॅट्रा पहिल्या सीझनमध्येच, वैर ऐन रंगात असताना, एकत्र नाचतात. दोघींचं प्रेम जुळण्याचा शेवट तेव्हाच ठरला असेल असं नाही, पण बी नक्कीच पेरलेलं होतं.