मराठी जेवण आणि वाइन: 'तिखटजाळ' यांना उत्तर (लांबलंय, माहीत आहे)

पळीवाढी
काल या मंचावर 'तिखटजाळ' यांनी फर्मावलं की मराठी जेवणाबरोबर वाइन जातच नाही, मसाला तिचा गळा घोटतो, हौस असेल त्यांनी चीज-पाव खावा. खाली +१ ची रांग. म्हणून हे लांबण.

मराठी जेवण म्हणजे नुसता तांबडा रस्सा का हो? वाइनचं वाकडं मसाल्याशी नाही, मिरचीशी आहे. अल्कोहोलने मिरचीचा जाळ वाढतो, लाल वाइनमधलं टॅनिन (द्राक्षाच्या सालीचा-बियांचा तुरटपणा) त्यात भर घालतं. धने, जिरे, बडीशेप, दगडफूल यांनी कुणाची जीभ पोळल्याचं मी तरी ऐकलं नाही. कोल्हापुरात तांबड्याच्या शेजारीच पांढरा रस्सा असतो: मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू. त्याबरोबर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन थंडगार घ्या, मग बोला. वालाच्या बिरड्यात ओलं खोबरं आणि गूळ असतोच, तिथेही हीच वाइन. किंचित गोडसर मिळाली तर उत्तम, गोडव्याने तिखट आवरतं. रवा लावून तळलेल्या पापलेटवर लिंबू पिळता ना? ते काम सोव्हिन्यॉ ब्लां या दुसऱ्या पांढऱ्या वाइनची आंबट धार करते. लालच हवी तर सुकं मटण आणि शिराझ. लाल तिखट निम्मं करा, काळी मिरी वाढवा, कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजा. आणि बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा! लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या खोल्या १६-१८ अंशांच्या होत्या. आपल्याकडे मे महिन्यात नाकात फक्त अल्कोहोलचा भपकारा येतो.

तिखटजाळ
म्हणजे मिरची कमी करा, तिखट निम्मं करा. मी वेगळं काय म्हणालो होतो? पाहुणी बाटली, आणि घरच्या मसाल्याने अंग चोरायचं!
आमचा मेहुणा मोठ्या कौतुकाने लाल वाइन घेऊन आला. बायकोने सुकट-वांगं केलेलं. एक घोट घेतला आणि तोंडात गंजका खिळा. मेहुणा म्हणतो, "हळूहळू सवय होते." कशाला लावून घेऊ सवय? ताक काय वाईट आहे?

पळीवाढी
सुकट आणि लाल वाइन! अहो, लाल वाइनमध्ये लोहाचा अंश असतो, तो मासळीबरोबर आला की हिवसपणा उसळतो. खिळा तुम्हाला बरोबर लागला, फाशी मात्र चुकीच्या माणसाला दिलीत. वांगं निर्दोष आहे, मसालाही.

आमसूल
एवढ्या मोठ्या यादीत सोलकढी नाही. पापलेट आहे आणि सोलकढी नाही. धन्य.

पळीवाढी
मुद्दाम वगळली. जेवण वाइनपेक्षा आंबट झालं की वाइन पाणचट लागते, आणि कोकमापुढे कुठलीच टिकत नाही. सोलकढी शेवटी, भाताबरोबर, वाइनचा ग्लास आवरल्यावर.

आमसूल
आमच्याकडे सोलकढी उठवून कुणी ग्लास मांडला तर त्यालाच उठवतील.

नाशिकरोडकर
चवीचं राहू द्या. आपली वाइन प्यायलात तर पैसा आपल्या द्राक्षवाल्या शेतकऱ्याला जातो, हे का कुणी बोलत नाही? जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला, तर अण्णा हजारेंपासून सगळे विरोधात उभे राहिले. नुकसान कुणाचं झालं?

निफाडचा बागवाला
शेतकऱ्याचं नाव घ्यायचं बंद करा. माझी दोन एकर थॉमसन आहे. ती तुमच्या ग्लासात येत नाही. खायची द्राक्षं वेगळी, वाइनची वेगळी: मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि रस घट्ट राहावा म्हणून माल मुद्दाम कमी धरतात. माझ्या बागेत अवकाळीने मणी तडकले की वाइनरीवाला गाडी पाठवत नाही. बेदाण्यासाठी पडेल त्या भावात जातात, तेही गेले तर.

नाशिकरोडकर
मग २००१ चं राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण कुणासाठी होतं? माहिती घेऊन बोला.

निफाडचा बागवाला
माहिती तुम्ही मला देणार? त्याच धोरणाच्या हवेत आमच्या भावकीतल्या एकाने थॉमसन काढून वाइनची काबर्ने लावली. करार होता, सही-शिक्का सगळं. २००८-०९ च्या मंदीत वाइन पडून राहिली, कंपनीने माल उचलला नाही. ते द्राक्ष बाजारात कोण खाणार, नुसत्या बिया? पोराने वेलींच्या बुडाला कुऱ्हाड लावली. तुम्ही तेव्हा नाशिकरोडला काय करत होता?

नाशिकरोडकर
आवाज चढवून मुद्दा खरा होत नाही. एका भावकीवरून अख्खा धंदा ठरवता? त्या पडझडीतून तगून आजही करारावर वाइनची द्राक्षं पिकवणारे आहेत. त्यांना भाव आधीच ठरलेला असतो, तुम्हाला रोज व्यापाऱ्याचं तोंड बघावं लागतं.

निफाडचा बागवाला
हां, ते आहे. व्यापारी पैसे बुडवून पळतो तेव्हा करारवाल्यांचा हेवा वाटतो. झालं समाधान?

निर्व्यसनी
पुढारी म्हणाले होते वाइन म्हणजे दारू नव्हे. मग २१ वर्षांची अट कशाला, परवाना कशाला? घरच्या जेवणात, मुलांसमोर हे आणणं मला पटत नाही. जुनाट म्हणा.

आमसूल
तुमच्या फडताळातलं द्राक्षासव बघा. लेबलवर अल्कोहोल लिहिलेलं असतं.

निर्व्यसनी
ते वैद्यांनी दिलंय. दोन चमचे, जेवणानंतर.

आमसूल
म्हणजे तुमची जोडी आधीच जमलेली आहे.

पळीवाढी
अहो, माझं पापलेट कुठे गेलं या सगळ्यात? कुणी एक तरी पदार्थ करून बघितला का?

तिखटजाळ
पांढरा रस्सा परवा केला. वाइन मेहुण्याची, पांढरी, फ्रीजमधली. जमलं. लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही. पण दुसरी वाटी मी तांबड्याची घेतली आणि ग्लास मेहुण्याकडे सरकवला.