मदत हवी आहे: ब्रॉन्झचे टाळ म्हणजे काशाचेच का? तडा गेलेला टाळ जोडता येतो का?

नमस्कार मंडळी,
सोसायटीच्या भजनी मंडळासाठी आषाढीच्या आत टाळांचे नवे जोड घ्यायचेत. दुकानात दोन प्रकार दाखवले, एक पितळी आणि दुसरे जवळपास दुप्पट किमतीचे, दुकानदार त्यांना सारखं ब्रॉन्झ ब्रॉन्झ म्हणत होता, आता मला ब्रॉन्झ म्हटलं की ऑलिंपिकचं मेडल आठवतं नाहीतर चौकातला पुतळा. घरी तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी आहे, धातू तोच का? दोन्ही टाळांना एवढं पॉलिश होतं की रंगावरून काही कळेना. लोहचुंबक लावून बघू का? शिवाय मंडळाचा एक जुना टाळ पडून कडेला तडा गेलाय, वाजतो पण चरचरतो. ब्रेझिंग (तापवून दुसऱ्या धातूने सांधणं) करून घेतलं तर चालेल का?

प्रतिसाद १:
लोहचुंबक यातल्या कशालाच चिकटत नाही, फार तर आत लोखंड लपवलं असेल तर तेवढं पकडाल. तांब्यात जस्त घातलं की पितळ, कथील घातलं की ब्रॉन्झ. पण कथील किती ते विचारा. पुतळ्याच्या ब्रॉन्झमधे साधारण 10 टक्के असतं, तुमच्या वाटीच्या काशात 20-22च्या आसपास, त्यानेच कासं खणखणीत वाजतं आणि त्यानेच ठिसूळही होतं. पितळ पडलं तर त्याला पोचा येतो, कासं तडकतं. त्यामुळे तुमचा जुना टाळ बहुतेक काशाचाच असणार, मोडीत पितळाच्या भावाने देऊ नका!!

प्रतिसाद २:
ब्रेझिंग अजिबात नको, त्या उष्णतेने धातूची आतली घडण बदलते आणि आवाज बसतो. तड्याच्या अगदी टोकाला बारीक भोक पाडलं की तडा पुढे सरकायचा थांबतो, ड्रमवाले त्यांच्या सिंबलला म्हणजे झांजांना हेच करतात, चरचर मात्र पूर्ण जाणार नाही. नवे घेताना टाळ दोरीने लोंबता धरा, हात लागू देऊ नका, दुसऱ्याच्या कडेने हलकाच टोला द्या आणि नाद किती वेळ टिकतो ते ऐका. पितळ लवकर गप्प होतं. फक्त दोन्ही सारख्या मापाचे नि जाडीचे घ्या नाहीतर तुलनेला अर्थ नाही. आणि दुकानातला पंखा बंद करायला सांगा आधी :)

धागाकर्ता:
दोघांनाही धन्यवाद. बिलावर नुसतं ब्रॉन्झ नको, कासं असं लिहून मागतो, बघू काय म्हणतो. ते भोक पाडून देणारं डोंबिवली-ठाण्याकडे कोणी माहितीये का?